गिटारशिवाय पंक: सुसाइड की स्क्रीमर्स?

सत्तरच्या दशकात अमेरिकेत गिटार बाजूला ठेवून पंक, म्हणजे उग्र, बंडखोर रॉक, वाजवणारे हे दोन बँड मला फार जवळचे. न्यूयॉर्कचा सुसाइड म्हणजे दोनच माणसं: गाणारा ॲलन व्हेगा आणि वाजवणारा मार्टिन रेव्ह. जुना ऑर्गन, स्वस्तातलं रिदम मशीन (आपोआप ताल धरणारं यंत्र), बस्स. १९७७च्या पहिल्या अल्बममधलं 'फ्रँकी टिअरड्रॉप' दहा मिनिटांहून लांब आहे. कंगाल झालेल्या कारखाना-कामगाराची ती गोष्ट. मागे मशीन एकसारखं ठोकत राहतं आणि मध्येच व्हेगाची किंकाळी अंगावर येते. १९७८मध्ये ब्रसेल्सला चिडलेल्या प्रेक्षकांनी त्याचा मायक्रोफोनच पळवला!

लॉस एंजेलिसच्या स्क्रीमर्सकडे मात्र खराखुरा ड्रमर होता. सिंथेसायझर आणि इलेक्ट्रिक पियानोचा आवाज ते इतका फाडून वाजवायचे की गिटारची उणीव भासतच नाही. गायक टोमाटा डू प्लेंटी तर स्टेजवर नुसता पेटायचा. पण त्या काळात त्यांचा एकही अल्बम निघाला नाही. राहिले ते डेमो आणि व्हिडिओ.

नुसता जोश हवा असेल तर स्क्रीमर्स. तरी माझं मत सुसाइडला, कारण एक गायक आणि एक यंत्रवाला ही पुढच्या सिंथ-पॉपची, म्हणजे सिंथेसायझरवरच्या पॉप संगीताची, वाट त्यांनीच पाडली. सुरुवात सुसाइडच्या 'शेरी'पासून करा. ते गाणं हळवं आहे.