आभाळातला अनोळखी दिवा: अ‍ॅप बरं की दुर्बीण?

आभाळात काही लुकलुकलं की गोव्यातल्या आमच्या वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी 'हें कितें?' (हे काय?) येतं आणि मागोमाग मला खासगीत विचारणा: मोबाइलवर तारांगणाचं अ‍ॅप घालू, की दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण घेऊ? दोन्ही वापरून झालीत, म्हणून लिहितो. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

अ‍ॅपला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. जानेवारीत संध्याकाळी आग्नेयेला खाली लाल-हिरवा चमचमणारा 'ड्रोन' म्हणजे व्याधाचा तारा, हे ते चटकन सांगतं. 2019 पासून सोडल्या जाणाऱ्या, इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची माळ प्रक्षेपणानंतर काही दिवसच दिसते. ती किती वाजता, कुठून जाणार, हे दुर्बीण कशी सांगेल?

माझं बिनसलं ते फोनमधल्या होकायंत्रावरून. स्कूटरवर बसून किंवा गच्चीच्या लोखंडी कठड्याला टेकून फोन वर धरला की त्याची उत्तर दिशा भरकटते. मग म्हणे फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवा. मागे एका दिवाळीत शेजारच्या मावशींनी डोंगराच्या कडेवरचा एक दिवा दाखवला, तासभर न हललेला. अ‍ॅप म्हणालं गुरू. जरा वेळाने म्हणालं शनी. मी आठ काढत बसलेला बघून मावशी म्हणाल्या, "आरती मागीर (नंतर) कर रे, आधी तें कितें तें सांग!" तोवर स्क्रीनच्या उजेडाने माझे डोळे दिपलेले. अंधाराला डोळे नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. शेवटी आतून दुर्बीण आणली. उंच बांबूवर टांगलेला आकाशकंदील! वाऱ्यावर हलणाऱ्या झिरमिळ्यासुद्धा दिसल्या.

दुर्बीण नाव सांगत नाही, वस्तू दाखवते. शिरदोणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की जुवारी नदीपलीकडे दाबोळी विमानतळ. समोरून येणाऱ्या विमानाचा पांढरा झगझगीत दिवा कितीतरी वेळ जागच्या जागी टांगलेला वाटतो. दुर्बीण लावून जरा थांबलं की पंखांच्या टोकांचे लाल-हिरवे दिवे सुटे होतात. मोरजीला धुरकट रात्री क्षितिज पुसलं जातं आणि मासेमारीच्या होड्यांचे दिवे आभाळात तरंगू लागतात. दुर्बिणीत दिव्याखाली पाण्यावर पडलेला उजेडाचा पट्टा दिसला की होडी पकडली समजा. अ‍ॅपला होडी ठाऊकच नसते. ते त्या बाजूचा एखादा तारा आपल्या गळ्यात मारून मोकळं.

दुर्बिणीचं दुखणं म्हणजे आपला पावसाळा. भिंगांना बुरशी येते. माझ्या पहिल्या दुर्बिणीची डावी बाजू अशीच गेली. आता हवाबंद डबा आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या अधूनमधून बदलायच्या. 10×50 (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 50 मिलिमीटरची) निव्वळ हातात धरली तर दिवा नाचतो, बाल्कांवच्या (ओसरीच्या) खांबाला टेकावं लागतं. सातपट दाखवणारी 7×50 त्या मानाने स्थिर.

तेव्हा अ‍ॅप असू द्या, माळेची वेळ बघायला फुकटातलं पुरतं. पैसे घालायचेच असतील तर मी आपला 7×50 वर घालीन. माझी दाखवलीही असती, पण सध्या ती मावशींकडे आहे.