नोंदणीनंतरही फोन उचलणारे कार्यालय

घाटंजी तालुक्यातील आमच्या गावात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका आणि लहानसे वाचनालय सुरू करायचे ठरले, तेव्हा संस्थेच्या नोंदणीसाठी आम्ही यवतमाळमधील एका सल्लागार वकिलांच्या कार्यालयाकडे गेलो. त्यांच्या सेवेचा हा अभिप्राय आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखालील नोंदणी, त्यानंतरची आयकराची नोंदणी आणि दरवर्षीचे हिशेब ही सर्व कामे ते करतात.

त्याआधी स्वस्तात काम करून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने आम्हाला संस्थेच्या घटनेचा, म्हणजे उद्देश आणि नियमावलीचा, जो मसुदा पाठवला होता, त्यात सागरी मच्छीमारांचे कल्याण हाही एक उद्देश होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या संस्थेने तो कसा पार पाडायचा, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. या वकीलसाहेबांनी तो मसुदा आमच्या सदस्यांकडून मोठ्याने वाचून घेतला आणि जे काम आम्ही खरोखर करणार नव्हतो, त्यावर एकेक करून काट मारली. उद्देश भाराभर लिहिले तर आयकर नोंदणीच्या वेळी कामाचा आणि उद्देशांचा मेळ दाखवताना नाकी नऊ येतात, आणि नोंदणी मिळाल्यावर ते बदलले तर आयकर विभागाकडे पुन्हा अर्ज करावा लागतो, हे त्यांनी तेव्हाच समजावून सांगितले. किमान सात सदस्य लागतात हे आम्हाला माहीत होते; मात्र कार्यकारिणीत एकाच घरातली माणसे भरू नका, आणि संस्थेचा पत्ता गावठाणातल्या घराचा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर-आकारणीचा उतारा) व घरमालकाचे ना-हरकत पत्र आधीच जोडा, या सूचनांमुळे पुढचा बराच त्रास वाचला.

या कार्यालयाची खरी पारख प्रमाणपत्र हाती आल्यानंतर झाली. आमच्याकडे देणगी येते ती दिवाळीनंतर, कापूस विकला की, आणि तीही बहुधा रोखीने. कोणी तुरीचे पोते आणून देतो, तर कोणी विटांची ट्रॉली खाली करून जातो. इतिवृत्त पुस्तकाची पाने आधी क्रमांकित करावीत, ठरावाखाली कोरी जागा उरल्यास तिरकी रेघ ओढावी, वस्तुरूप देणगीची नोंदवही वेगळी ठेवावी आणि पोते विकले तर विक्रीची पावती त्याच नोंदीला टाचावी, असे सगळे त्यांच्या कारकुनाने आमच्या सचिवांना शेजारी बसवून, पहिली पाने स्वतः भरून दाखवत शिकवले.

देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणाऱ्या ८०जी प्रमाणपत्राचे गाजर मात्र त्यांनी दाखवले नाही, ही गोष्ट मला विशेष वाटली. दोन हजार रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी या सवलतीत बसत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने बहुतेक कास्तकारांना तिचा उपयोग नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदारांनाही ही वजावट मिळत नाही. तरीही पुण्या-मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांपैकी काही जुन्या प्रणालीत आहेत, म्हणून आम्ही ते घेतले. आयकराची सुरुवातीची नोंदणी तीन वर्षांपुरती तात्पुरती असते आणि काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नियमित नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. ती तारीख त्यांनी आमच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून दिली आणि वेळ जवळ आल्यावर स्वतःहून फोन केला. देणगीदारांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचे असते आणि उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये पडतात; तीही आठवण त्यांच्याकडूनच आली.

आमच्या कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य वारले, तेव्हा असा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा फेरफार अहवाल ९० दिवसांच्या आत दाखल करायचा असतो हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. वार्षिक लेखापरीक्षणाची कागदपत्रे मागताना कार्यालयानेच सदस्यांची चौकशी केली आणि मुदतीत अर्ज गेला. ज्यांच्या नोंदवहीत आजही दिवंगत विश्वस्तांचीच नावे आहेत आणि वारसदार कोर्टकचेऱ्या करत आहेत, अशा संस्था शोधायला आमच्या भागात लांब जावे लागत नाही.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीबद्दलही त्यांनी आम्हाला हवेत नेले नाही. बाहेरच्या संस्थेला हा निधी घेण्यासाठी अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा आधी अभ्यासिका नीट चालवा, असे त्यांचे उत्तर होते.

उणिवाही आहेत. लेखापरीक्षकाची फी वेगळी द्यावी लागते, हे सुरुवातीच्या बोलण्यात आले नव्हते. ३१ मार्चच्या आसपास फोन लागला तर नशीब. सर्व सदस्यांच्या सह्या समोरच व्हाव्यात असा त्यांचा आग्रह असतो; तो कायद्याच्या दृष्टीने रास्त असला तरी ऐन पेरणीत सगळ्यांना एसटीने यवतमाळला नेणे जिकिरीचे होते, आणि अरुंद जिन्याने वरच्या मजल्यावर चढताना आमच्या वयस्कर सदस्यांचे हाल झाले. शासकीय शुल्काची पावती ते वेगळी देतात आणि स्वतःच्या फीचीही देतात, त्यामुळे हिशेबात कुठेही घोळ राहत नाही. विदेशी देणगीच्या परवानगीचे काम ते घेत नाहीत. ज्यांना ते हवे आहे, त्यांनी नागपूरला चौकशी करावी.