‘नवीन टाकीत असं होतंच’ : वनस्पतींच्या मत्स्यालयात झालेली फसवणूक

सांगलीत विश्रामबागेत आमचा फ्लॅट आहे. भिशीचा नंबर लागल्यावर हाती आलेल्या रकमेतून दिवाणखान्यात जिवंत वनस्पतींचे मत्स्यालय करावे, असे मी आणि माझ्या नववीतल्या मुलाने ठरवले, आणि या जानेवारीत त्यापायी आमचे ५४,३०० रुपये गेले. त्या रकमेतली काचेची टाकी आणि तिचे स्टँड एवढेच काय ते खरे निघाले. बाकीचे एकेक कसे उघडकीला आले ते मी येथे क्रमाने लिहिते आहे, कारण हे काम करून देणारा माणूस आजही सांगली-मिरजेच्या परिसरात नवीन गिऱ्हाइके शोधत असल्याचे माझ्या कानावर आले आहे.

तो आमच्याकडे ओळखीतून आला होता. आल्याबरोबर त्याने मोबाइलवर हिरव्यागार टाक्यांचे फोटो दाखवले आणि ते सगळे आपलेच काम असल्याचे सांगितले. बोलण्यात अत्यंत नम्र, ‘ताई’ शिवाय हाक नाही, आणि विषयाची माहिती मात्र भरपूर. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर पाणी, असा त्याचा आराखडा होता. टाकी आणि स्टँडचे १४,०००, दिव्याचे ६,५००, परदेशी ॲक्वा सॉईलच्या (मत्स्यालयात झाडे लावायच्या दाणेदार मातीच्या) पाच पिशव्यांचे ९,०००, वनस्पतींचे ७,०००, झाडांच्या वाढीसाठी कार्बन डायऑक्साइडच्या संचाचे ५,००० आणि माशांचे ५,००० असा ४६,५०० रुपयांचा हिशेब त्याने वहीच्या कोऱ्या पानावर मांडून दिला. वर्षभर देखभालीचे ६,००० रुपये त्याने आगाऊ घेतले. त्या पानावर दुकानाचे नाव, पत्ता किंवा जीएसटी क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. मी पतसंस्थेत हिशेबाचेच काम करते. ऑफिसात असा कागद मी कधीही स्वीकारला नसता, पण घरी आलेल्या माणसाकडे पक्के बिल मागायला मला त्या वेळी संकोच वाटला.

टाकी एका दिवसात उभी राहिली. खाली सॉईल, पुढच्या बाजूला पांढऱ्या खड्यांची पायवाट, मध्ये लाकूड, मागे उंच हिरवी झाडे, असे ते दृश्य खरोखर सुंदर होते. पाणी त्याने इमारतीच्या बोअरच्या नळाला पाइप लावून भरले. तिसऱ्या दिवशी वीस कार्डिनल टेट्रा, सहा एंजल आणि चार अल्गी ईटर असे तीस मासे त्याने एकदम सोडले. पाणी ‘तयार’ करण्यासाठी म्हणून बॅक्टेरियाच्या दोन बाटल्या प्रत्येकी ९०० रुपयांना देऊन त्यातले द्रव पाण्यात ओतले. बाटलीवर उत्पादकाचे नाव नव्हते आणि तारीखही नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी सात टेट्रा तळाशी पडलेले होते. उरलेले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते, आणि एंजलच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसत होत्या. मी फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “ताई, नवीन टाकीत असं होतंच. पंधरा दिवस कशाला हात लावू नका, सगळं आपोआप बसतं.” हे वाक्य मी पुढच्या तीन आठवड्यांत किमान सहा वेळा ऐकले. पाणी दुधासारखे पांढुरके झाले तेव्हा हेच उत्तर मिळाले आणि झाडांची पाने गळायला लागली तेव्हाही हेच.

या उत्तरावर माझा विश्वास बसला, कारण ते निखालस खोटे नव्हते. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही रूपे माशांना विषारी आहेत. तिसरे त्या मानाने सौम्य असून झाडे ते खत म्हणून शोषून घेतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खड्यांवर पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत नव्या टाकीत अडचणी येतात ही गोष्ट खरीच आहे. परंतु त्यातून निघणारा अर्थ असा, की त्या काळात मासे सोडायचेच नसतात. त्याने सत्याचा पहिला अर्धा भाग मला सांगितला आणि उरलेला अर्धा दडवून तीस मासे विकले. त्याचे पुढचेही प्रत्येक खोटे असेच एखाद्या खऱ्या गोष्टीच्या आडोशाला उभे होते, म्हणूनच या छंदात नव्याने येणाऱ्या माणसाला ते ओळखू येत नाही.

मिरजेला प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपासून मत्स्यालये आहेत. मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्यांचे नाव सुचवले आणि एका रविवारी सर स्वतःची टेस्ट किट घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी टाकीतले पाच मिलिलिटर पाणी काचनळीत घेतले, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकले, नळी हलवली आणि मुलाच्या हातात दिली. अमोनिया नसेल तर पाणी पिवळे राहायला हवे, असे त्यांनी सांगितले. एक-दोन मिनिटांत पिवळ्याचे पोपटी झाले, आणि पाच मिनिटे पुरी होण्याआधी ते कढीपत्त्याच्या पानासारखे गर्द हिरवे झाले. रंगाच्या तक्त्यावर तो जवळजवळ शेवटचा चौकोन होता. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ८.२ भरला. अमोनियाचे प्रमाण तेवढेच असले, तरी पीएच ७ वरून ८ वर गेला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो, हे सरांनी मुलाला कागदावर मांडून दाखवले. त्यांनी लगेच निम्मे पाणी बदलायला लावले. त्यासाठी वापरलेले महापालिकेचे नळाचे पाणी आधी क्लोरिन काढून घेतले होते, कारण क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना आणि त्या उपयोगी जिवाणूंना, दोघांनाही मारते.

मग सरांनी बाह्या वर करून झाडे तपासायला घेतली. मागच्या रांगेतला एक उंच दांडा त्यांनी ओढला तर तो मुळाशीच तुटून हातात आला. खालचा भाग शिजून गेलेल्या भेंडीसारखा बुळबुळीत झाला होता आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येत होता. “अहो, हा लकी बांबू आहे. हा कुंडीत ठेवतात,” असे ते म्हणाले. ड्रॅसिना वर्गातले हे झाड मुळे पाण्यात आणि पाने हवेत असतील तर वर्षानुवर्षे टिकते, पण पूर्ण बुडवले की काही आठवड्यांत गुदमरून सडते. पुढच्या बाजूचे गवत मोंडो ग्रास निघाले आणि जांभळ्या पानांचे झाड हेमिग्राफिस, तर कोपऱ्यातले ‘ॲमेझॉन स्वोर्ड’ म्हणून ४५० रुपयांना विकलेले झाड पीस लिली होते. ही सगळी नर्सरीत मिळणारी जमिनीवरची झाडे आहेत. अकरा प्रकारांपैकी पाण्याखाली खरोखर जगणारे फक्त तीन होते, आणि त्यातल्या अनुबियासचे आडवे खोड मातीत पुरल्यामुळे तेही कुजायला लागले होते. अनुबियास आणि जावा फर्न यांची खोडे दगडाला किंवा लाकडाला बांधायची असतात.

पाने गळण्याबद्दल त्याने सांगितलेले कारणही असेच अर्धे खरे होते. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली क्रिप्टोकोरिनसारखी झाडे पाण्यात लावली की जुनी पाने विरघळल्यासारखी गळतात, याला छंदातले लोक ‘मेल्ट होणे’ म्हणतात. मात्र खऱ्या पाणवनस्पतीला दोन-तीन आठवड्यांत मुळाशी किंवा शेंड्याला नवे, वेगळ्या घडणीचे पान फुटते. आमच्या झाडांना नवे पान एकही फुटले नाही आणि सडणे खालून वर चढत गेले. हा फरक मला पहिल्या आठवड्यात माहीत असता, तर मी झाडे लगेच उपटली असती आणि त्या सडण्यामुळे वाढलेला अमोनिया तरी टळला असता.

पांढऱ्या खड्यांचा उलगडा स्वयंपाकघरात झाला. सरांनी व्हिनेगर मागितले, पायवाटेतला एक खडा कोरडा करून बशीत ठेवला आणि त्यावर चमचाभर व्हिनेगर घातले. खड्यावर इनोसारखे बारीक बुडबुडे फसफसून आले. तो संगमरवराचा चुरा होता, बागेत आणि फरशीत वापरतात तो. त्यात कॅल्शियम कार्बोनेट असते, ते हळूहळू विरघळून पाणी जड करत राहते आणि पीएच खाली येऊ देत नाही. आमच्या बोअरचे पाणी मुळातच जड आहे, सरांच्या मीटरवर त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ९२० भरले, आणि कार्डिनल टेट्रा हा तर दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला मासा. सॉईलच्या पिशव्यांवर परदेशी छापील वेष्टन होते, पण वरच्या दोन बोटांच्या थराखाली गांडूळखत आणि बागेची माती मिसळलेली होती. मूठभर सॉईल पेल्यातल्या पाण्यात ढवळल्यावर दाणे राहिले नाहीत, चिखल झाला.

दिव्याच्या खोक्यावर ९० वॅट छापले होते. सॉकेटला मीटर लावून पाहिले तर तो २४ वॅट वीज घेत होता. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची गोष्ट मात्र पैशांपेक्षा गंभीर आहे. अशा सिलिंडरची दर पाच वर्षांनी दाब-चाचणी व्हावी लागते आणि तिची तारीख सिलिंडरच्या मानेशी ठोकलेली असते. आमच्या सिलिंडरवर त्या जागी कानस मारून धातू घासलेला होता आणि वरून नवा रंग दिलेला होता. अग्निशमन साहित्याच्या एका दुकानदाराने तो भरून द्यायला नकार दिला आणि घरात ठेवूही नका, असे बजावले. माझा मुलगा ज्या टेबलाशी अभ्यासाला बसतो त्याच्यापासून चार फुटांवर तो सिलिंडर महिनाभर होता, हे आठवले की मला आजही धस्स होते.

माशांची नावेही खरी नव्हती. कार्डिनलची लाल पट्टी डोळ्याखालून शेपटीपर्यंत अखंड असते, तर निऑन टेट्राची लाल पट्टी शरीराच्या मागच्या अर्ध्यातच असते. आमचे वीसही मासे निऑन होते आणि दर कार्डिनलचा लावला होता. शिवाय एंजल मोठे झाल्यावर निऑनसारखे लहान मासे गिळतात, त्यामुळे ही जोडी एका टाकीत विकणेच गैर होते. ‘सियामीज अल्गी ईटर’ म्हणून दिलेले चार मासे चायनीज अल्गी ईटर निघाले. खऱ्या सियामीजची काळी पट्टी शेपटीच्या परातून टोकापर्यंत जाते. चायनीजचे तोंड चिकटणाऱ्या चकतीसारखे असते, आणि मोठा झाल्यावर तो शेवाळ सोडून एंजलसारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटतो व त्यांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो.

हे सगळे फोटोंसह लिहून मी त्याला कळवले. त्या रात्री “ताई, येऊन बघतो” एवढा एकच निरोप आला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद झाला. त्याने सांगितलेल्या गाळ्यावर आम्ही दोनदा गेलो. तेथे शेजारच्यांनी त्याने गाळा डिसेंबरातच सोडल्याचे सांगितले. म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे पैसे घेताना त्याच्याकडे दुकानही नव्हते.

ज्यांना असे मत्स्यालय करायचे आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी आधी त्या माणसाने किमान सहा महिन्यांपूर्वी केलेली एखादी टाकी तिच्या मालकाच्या घरी जाऊन पाहावी. लावलेल्या दिवशीचे दृश्य कोणालाही सजवता येते, सहाव्या महिन्यात मात्र कुंडीतली झाडे उरलेली नसतात. प्रत्येक झाडाचे नाव बिलावर लिहून घ्यावे, खड्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळून पाहावे, आणि टेस्ट किटसाठी हजारभर रुपये पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय जो मासे घ्यायला लावतो, त्याला पुढचा पैसा देऊ नये. देखभालीची रक्कम महिन्याच्या महिन्याला द्यावी.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करते आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही. पक्के बिल नसल्यामुळे माझी बाजू यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे त्याचे निरोप आणि ते वहीचे पान यांवर उभी आहे. संगमरवराचे खडे, सॉईलची उरलेली पिशवी आणि बॅक्टेरियाच्या दोन्ही रिकाम्या बाटल्या मी तारीख घालून, सील करून माळ्यावर ठेवल्या आहेत.

तीसपैकी चार मासे वाचले, ते सरांच्या टाकीत आहेत. आमच्या टाकीत आता धुतलेली नदीची वाळू आणि सरांनी दिलेले व्हॅलिस्नेरियाचे आठ ठोंब आहेत. मुलगा दर रविवारी काचनळीत पाणी घेऊन रंग वहीत लिहितो. गेल्या रविवारी अमोनियाची नळी प्रथमच पिवळी राहिली. नायट्राइटची अजून जांभळी येते, म्हणून मासे आणलेले नाहीत.