दुकानाने भंगारात काढलेल्या लॅपटॉपवर डेबियन 13: दिवाळीपासूनचा अनुभव

लॅपटॉप छोटा, इंटेल ॲटमच्या बे ट्रेल पिढीतला. 2 जीबी रॅम, 32 जीबी ईएमएमसी (साठवणीची चिप). विंडोज 10 च्या अपडेटला त्यात जागाच उरत नव्हती, आणि 14 ऑक्टोबर 2025 ला त्या विंडोजचा सपोर्टही संपला. सांगलीतल्या एका दुकानात लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) पेनड्राइव्ह लावून पाहिला, तो बूट मेनूत दिसेना. दुकानदार म्हणाला, 'बोर्ड गेलाय, भंगारात द्या.' बोर्ड ठणठणीत होता!

अडचण होती फर्मवेअरची, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या, बोर्डातच असलेल्या सॉफ्टवेअरची; त्याचा आजचा प्रकार म्हणजे यूईएफआय. प्रोसेसर 64 बिटचा, पण यूईएफआय 32 बिटचं. विंडोज आणि यूईएफआयचे बिट जुळावे लागतात; असल्या मशीनवर 32 बिट विंडोज यायचं, म्हणून फर्मवेअरही तसंच. ते पेनड्राइव्हवर बूटआयए32 ही फाइल शोधतं, आणि बऱ्याच लिनक्सच्या पेनड्राइव्हवर फक्त बूटएक्स64 असते. मग ते गप्प बसतं, एररसुद्धा देत नाही. लेगसी बायोसचा, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायचा पर्याय या मशीनमध्ये नाही.

32 बिट यूईएफआयवरून 64 बिट कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालवायची सोय लिनक्समध्ये 2014 च्या 3.15 आवृत्तीपासून आहे. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने 2015 मध्ये ती इन्स्टॉलरमध्ये आणली आणि अजून टिकवली आहे. इतक्या जुन्या, स्वस्त मशीनसाठी कुणी एवढी वर्षं राबतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. 'सरळ 32 बिट लिनक्स टाका' हा सल्ला मात्र आता ऐकू नका. डेबियन 13 मध्ये 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही.

सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम अडवणारं सेटिंग) बंद केलं, डेबियन 13 चा पेनड्राइव्ह लावला, तो लगेच दिसला. सोबत एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घेतला.

आता भाची रोज वापरते. एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका, लिबर ऑफिसमध्ये मराठी टिपणं, ब्राउझरचे दोन-तीन टॅब. त्यापुढे रॅम पुरत नाही.

फर्मवेअरने पुढेही छळलं. बॅटरी पूर्ण उतरली की बूटच्या यादीतून डेबियनची नोंदच गायब! ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) 'रिमूव्हेबल मीडिया'च्या, म्हणजे फर्मवेअर आपणहून शोधतं त्या ठरावीक जागीही बसवायचा पर्याय डेबियन देतं. तो घेतल्यावर नोंद पुसली तरी मशीन उठतं. दुसरा त्रास मधेच गोठण्याचा. या पिढीत तो जुनाच आहे, प्रोसेसर खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेत) जाताना होतो. ती झोप रोखायला ग्रबमध्ये 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1' लिहिलं आणि गोठणं थांबलं. बॅटरी लवकर उतरते, पण वाचता वाचता स्क्रीन थिजण्यापेक्षा ते परवडलं.

तुमच्याकडच्या लॅपटॉपच्या विंडोज सेटिंग्जमध्ये, 'अबाउट'खाली, '32-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स64-बेस्ड प्रोसेसर' असं दिसत असेल आणि मशीन यूईएफआयवर चालत असेल, तर तुमचीही गत हीच. विकण्याआधी डेबियन लावून बघा. सांगली-मिरजेत असं मशीन जुनं विकत घेत असाल, तर पेनड्राइव्ह घेऊनच दुकानात जा आणि ईएमएमसी नीट लिहिली-वाचली जाते का तेही तपासा. ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, हार्ड डिस्कसारखी काढून बदलता येत नाही.