बेळगावात गाडीत म्युझिक सिस्टीम बसवताय? आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे जे कोण गाडीत सिस्टीम बसवायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी, मी एका दुकानात कसा फसलो ते लिहितोय. दुकानाचं नाव घेत नाही, पण असले धंदे एकाच दुकानात चालतात असं काही नाही.

साडेसहा इंची कंपोनंट सेट घेतला, म्हणजे दारात जाड आवाजाचा वूफर, वर बारीक आवाजाचा ट्विटर आणि मधे दोघांना आपापला आवाज वाटून देणारा क्रॉसओवरचा डबा. गाडी हातात आली तर बासच नाही. दुकानाचा मालक म्हणाला, "ह्या गाडीच्या दारात बास बसतच नाही वो, सब वूफर लागतोच." म्हणजे डिकीत फक्त बाससाठी वेगळा मोठा स्पीकर. घातला. मग दारं खडखडायला लागली, तर डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याचा थरथराट दाबणारी शीट मारा. शीट मारली तर गाणारा माणूस डिकीत बसून गातोय असं वाटायला लागलं, त्यावर म्हणे आता डीएसपी (आवाज सेट करायचं डिजिटल यंत्र) घाला, ट्यूनिंगचे वेगळे पडतील. तिथं मी थांबलो.

निपाणीचा माझा मावसभाऊ गणपतीत साउंड लावतो. त्यानं गाडीत बसून बॅलन्स पूर्ण डावीकडं फिरवला, म्हणजे आवाज फक्त डाव्या बाजूनं, आणि काय सांगू, दोन्ही दारं चालू असताना नव्हता तेवढा बास एका दारातून यायला लागला. दार उघडलं तर उजव्या वूफरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या. एका स्पीकरचा कोन (पुढं-मागं हलणारा पडदा) पुढं जातो तेव्हा दुसरा मागं, म्हणजे बास एकमेकालाच खातो. बाकी सगळं नीट असतं तर घाईत झालं असेल म्हणून सोडून दिलं असतं की. पण खोक्यावर १२ डीबी स्लोपचा, म्हणजे नको तो आवाज चांगला कापणारा क्रॉसओवर छापलेला आणि डॅशखाली निघाला तो कुठलातरी लोकल डबा, फोडला तर आत एक कपॅसिटर गमनं चिकटवलेला, कॉइलचा पत्ता नाही, वूफरची वायर सरळ आरपार, म्हणजे आवाज नीट कापलाच जात नव्हता. म्हणूनच प्रत्येक 'स' कानात सुई टोचल्यासारखा लागत होता, त्यात ट्विटरचं तोंड काचेकडं.

सेटिंग तर बघायलाच नको. दाराचा हायपास (खालचा बास अडवणारी सेटिंग) बंद, म्हणजे छोट्या स्पीकरवर सगळा खालचा बास, दारं खडखडणारच. सबचा लोपास (वरचा आवाज अडवणारी सेटिंग) १५० हर्ट्झच्या वर, त्यामुळं जाड आवाजाचा माणूस डिकीत. भावानं दोन्ही ८० हर्ट्झवर आणले, वायर सुलटी केली, आणि डीएसपी न घालता गाणं डॅशबोर्डवर आलं. उलटी वायर, बंद हायपास, चढवलेला लोपास, प्रत्येक बिघाडामागं एक वस्तू विकायला तयार होती, हे आपोआप कसं होईल?

आता करायचं काय, तर बॅलन्सची टेस्ट दुकानातच करा. दोन्हीपेक्षा एका बाजूनं बास जास्त आला तर दार उघडायला लावा आणि दीड व्होल्टचा सेल वूफरच्या वायरींना क्षणभर टेकवा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर यायला पाहिजे, दोन्ही दारांत सारखाच. क्रॉसओवरचा डबा बसवण्याआधी फोटो काढा. हायपास-लोपास किती ठेवलं ते समोर दाखवायला सांगा. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्याच. मला कच्च्या चिठ्ठीवर टोलवायला बघत होता, मी आधीच हट्टानं पक्कं घेतलं होतं म्हणून १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करताना दाखवायला काहीतरी होतं.

तक्रार गेल्यावर त्यानं ओरिजिनल डबा मुकाट्यानं आणून दिला. सबचे पैसे मात्र परत नाहीत, उलट म्हणतो, "नको असला तर आणा की, अर्ध्या किमतीत घेतो."