बॅक्लोफेन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाठीत उसण भरली, मान आखडली म्हणून हे औषध घेणाऱ्यांची निराशाच होईल. याला दिलेलं 'मसल रिलॅक्सन्ट' (स्नायू सैल करणारं) हे नाव फसवं आहे. मज्जारज्जूची इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी यांत हातपाय ताठतात, झटके येतात, त्या स्पॅस्टिसिटीसाठी बॅक्लोफेन आहे. ते मज्जारज्जूतल्या गाबा-बी रिसेप्टरवर (संदेश मंदावणाऱ्या ग्राहीवर) काम करतं आणि स्नायूंकडे निघालेले जादा संदेश अडवतं. पक्षाघातानंतरही देतात, पण तिथे गुण बेताचा आणि गुंगी जास्त असा अनुभव बऱ्याचदा येतो.

फरक आधी रात्री पडतो. गुडघे पोटाशी ओढले जाऊन झोप मोडणं कमी होतं. मग कपडे चढवणं, मांड्या लांब करून स्वच्छता करणं, कॅथेटर (लघवीची नळी) घालणं सोपं जातं. चालणं मात्र सुधारेलच असं नाही, कारण औषध ताठरपणा काढतं, ताकद देत नाही. आखडून गेलेला सांधाही गोळीनं सुटत नाही. त्याला रोजचं स्ट्रेचिंग आणि स्प्लिंटच लागतं.

डोसची घाई करू नये. मोठ्या माणसाला साधारण 5 मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे 10 ची अर्धी गोळी, अशी सुरुवात होते. दर तीन दिवसांनी प्रत्येक वेळचा डोस 5 नं वाढवतात. नेहमीची कमाल मर्यादा दिवसाला 80, पण अनेकांचं 60 च्या आत भागतं. मुलांचा हिशेब वेगळा असतो, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. पहिल्या दोन आठवड्यांत झापड, चक्कर, मळमळ बऱ्याचदा होते. मळमळीवर उपाय साधा, गोळी खाण्यासोबत किंवा दुधासोबत घ्यायची. झापड पुढे ओसरते. न ओसरल्यास वाढ आठवडाभर थांबवून बघतात.

गोळीचा जोर तीन-चार तासांत निम्म्यावर येतो. त्यामुळे 'सकाळ-दुपार-रात्र' असं मोघम चालत नाही, घड्याळ लावावं लागतं. सकाळची गोळी अंथरूण सोडण्याच्या तासभर आधी पोटात गेली, तर पलंगावरून खुर्चीत बसताना तिचा उपयोग होतो. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

पाय जितका सैल तितका डोस बरोबर, ही समजूत सगळ्यात घातक. बरेच जण त्या ताठरपणाच्या आधारावरच उभे राहत असतात. आमच्या मते कसोटी अशी: खुर्चीत बसून चवडा फूटरेस्टवर टेकवा. टाच टकटक उडत राहिली, तर क्लोनस (स्नायूंचं असं आपोआप लयीत उडणं) अजून जोरात आहे. तीन-चार ठोक्यांत थांबली आणि उभं राहताना गुडघा टिकला, तर इथेच थांबायला हरकत नाही. टाच अगदी शांत, पण गुडघा दुमडतोय, म्हणजे डोस पुढे गेला. हे टिपून डॉक्टरांना दाखवावं; 'थोडं बरं वाटतंय' एवढ्यावर त्यांनाही काही ठरवता येत नाही.

काही महिने सुरळीत गेल्यावर झटके अचानक वाढले, तर लगेच गोळी वाढवू नका. आधी कारण शोधा: लघवीचा संसर्ग, मुडपलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठता, बेडसोर, अंगठ्यात रुतलेलं नख, घट्ट बूट. नख काढल्यावर पाय शांत होतो, आणि वाढवलेला डोस मात्र उगाच मागे राहतो.

औषधाचा मोठा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड कमी काम करत असेल, तर नेहमीचा डोसही साठत जातो आणि गोंधळ, गाढ सुस्ती, बेशुद्धीपर्यंत मजल जाते. डायलिसिसवरच्या रुग्णात अगदी थोड्या गोळ्यांनीही हे घडतं. दारू, झोपेच्या गोळ्या, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं यांची भर पडली, तर श्वास मंदावू शकतो. पर्याय म्हणून टिझानिडिन दिलं, तर मूत्रपिंडाबरोबर यकृताच्या तपासण्या आणि रक्तदाबही बघावा लागतो, आणि त्यासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन अजिबात चालत नाही. लघवीच्या संसर्गावर हेच अँटिबायोटिक लिहून दिलं जातं, म्हणून हे लक्षात ठेवायलाच हवं.

आता बंद करण्याबद्दल. हे मुळात फिटवरचं औषध म्हणून तयार झालं होतं. तिथे ते चाललं नाही, आणि आज एकदम थांबवलं तर तेच फिट आणू शकतं. सोबत भास, ताप, आणि पूर्वीपेक्षा जोराचा ताठरपणा. म्हणून कमी करताना साधारण आठवड्याला 5 ते 10 मिलीग्रॅम, तेही आखून दिलेल्या वेळापत्रकानं.

कण्यात थेट औषध सोडणारा पंप असेल, तर धोका आणखी मोठा. तिथे डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. नळी वाकली किंवा रिफिलची तारीख टळली, तर आधी पुरळ नसताना खाज सुटते, मग ताठरपणा परततो, ताप चढतो. ही तातडीची अवस्था आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

गोळ्या घेणाऱ्यांचीही गाडी बहुधा अशाच साध्या ठिकाणी अडते: स्ट्रिप संपली, उलट्या झाल्या, किंवा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं आणि ही गोळीही राहिली. म्हणून आठवडाभराचा साठा कायम हाताशी हवा, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोस आणि वेळ आधीच लिहून द्यावी.