करडई, सोयाबीन, शेंगदाणा की तेल बंदच? प्रोस्टेटच्या धास्तीने तेल बदलायचं असेल तर

घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की पहिली गदा तेलाच्या डब्यावर येते. "तेल बंदच करा" हा सल्ला सगळ्यात आधी मिळतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कच्चा आहे. युरोपातल्या एपिक या मोठ्या अभ्यासात (2008) एकूण चरबी कमी-जास्त खाण्याचा या कॅन्सरशी संबंध दिसला नाही. 2013 मध्ये अमेरिकेत, निदान झालेल्या 4,577 पुरुषांच्या पाहणीत तर उलटंच आढळलं. रोजच्या एकूण उष्मांकांपैकी 10 टक्के कर्बोदकांऐवजी वनस्पतिजन्य चरबीतून घेणाऱ्यांमध्ये आजार जीवघेणा होण्याचा धोका 29 टक्के कमी होता. अर्थात ही नुसती पाहणी. श्रेय तेलाचंच असं छातीठोक म्हणता येत नाही.

आता डबे शेजारी ठेवू. परभणी-लातूरकडे घाण्यावर मिळणाऱ्या नेहमीच्या करडई तेलात सुमारे 75 टक्के लिनोलिक, म्हणजे ओमेगा-6 प्रकारची चरबी. सोयाबीनमध्ये ते निम्म्याच्या आसपास, शिवाय थोडं ओमेगा-3. शेंगदाण्यात ओलिक, म्हणजे ओमेगा-9 प्रकारची चरबी जास्त. ओमेगा-6 कमी करून माशाचं तेल दिलेल्या रुग्णांत गाठीच्या पेशींची वाढ मंदावल्याचं 2024 च्या एका चाचणीत दिसलं, पण रुग्ण 100 आणि मुदत वर्षभराची. तेवढ्यावर करडई फेकून देऊ नका. भाकरीवर जवसाची चटणी वाढा. तिच्यात ओमेगा-3 भरपूर. व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या नादी मात्र लागू नका: सिलेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत रोज व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर होण्याचं प्रमाण 17 टक्क्यांनी जास्त निघालं होतं.

तूप, मटणाची चरबी? प्रोस्टेटबाबत पुरावा डळमळीत, हृदयाबाबत नाही. या रुग्णांपैकी बरेच जण शेवटी हृदयविकारानेच जातात, म्हणून तिथे हात आखडता घ्यावा. डालडा तर नकोच.

खरा फरक पळीत आहे. कोणत्याही तेलाचा मोठा चमचा सुमारे 120 उष्मांकांचा, आणि लठ्ठपणाचा बळावलेल्या प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध बऱ्यापैकी पक्का आहे. वांग्याच्या भाजीवर बोटभर तवंग आला, तर तेल करडईचं होतं की शेंगदाण्याचं हा प्रश्न उरत नाही. मी घेईन ते करडई किंवा शेंगदाणा, ज्याची चव घरात चालते ते, पण महिन्याचा डबा ठरवून.

वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर पंचेचाळिशीच्या सुमारास पीएसए या रक्तचाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा. तेल बदललं म्हणून ते टाळू नका.